चार हाताला चार बोटं कमी

वरोर,
९ डिसेंबर २०२४

प्रिय सुदाम,

अक्षर उमेशचं आहे, बोलणं माझं. उजवा हात झोळीत लटकलाय, म्हणून नवऱ्यालाच लेखनिक केलंय. दहावीला डहाणूच्या शाळेत तू माझ्या वहीतली गणितं उतरवून घ्यायचास, तेव्हा तुझंसुद्धा अक्षर इतकं घाण नव्हतं. (मी जसंच्या तसं लिहितोय. – उमेश)

ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले. कैनाडच्या वरातीत नवरदेव घोडीवरून खाली उतरला आणि मागून अचानक ढोल सुरू झाला. लवंगी बिचकली. तिचा काही दोष नाही, दोष माझा. दोर मी मनगटाला गुंडाळला होता. बाबा जन्मभर सांगत आले, दक्षे, दोर हातात धर, हाताला गुंडाळू नकोस. बावन्न वर्षांची घोडी झाले तरी अक्कल नाही. खांद्याचा स्नायू हाडापासून सुटला. तो दुर्बिणीतून शिवलाय. हॉस्पिटलात उजव्या हातातल्या बांगड्यासुद्धा कापून काढल्या रे.

तू पिकअप घेऊन आलास आणि लवंगीला उधव्याला घेऊन गेलास, तेव्हा मी गोळ्यांच्या गुंगीत होते. धन्यवादसुद्धा म्हटलं नाही. आता ऐक. चंदीचे हरभरे भिजवून द्यायचे. सकाळ-संध्याकाळ खरारा. रोज लगाम चढवून अर्धा तास फिरवायची, नाहीतर तिच्या अंगात येतं. आणि जपून. पुरुषाने कानाला हात लावलेला तिला चालत नाही. उमेशच्या शर्टाच्या दोन बाह्या गेल्यात. (तीन.) पण तू म्हणालास, जनावर मला कळतं, म्हणून निर्धास्त आहे.

आता उमेशची अट. ती त्यानेच लिहावी.

(सुदामभाऊ, मला वाईट ठरवू नका. या घोडीला लगाम फक्त ही चढवू शकते. घोडीच्या डावीकडे उभं राहून उजवा हात तिच्या कानांमागून वर न्यावा लागतो. तो हातच वर गेला नाही तर ही गप्प बसणार नाही, ओढाताण करणार. आणि पुन्हा फाटलं तर शिवायला काही उरणार नाही असं डॉक्टर म्हणाले. उंबरगावचे एक वरातीच्या घोड्यांचे मालक लवंगीला मागतायत. माणसं चांगली आहेत, घरातल्या बायकाच घोड्या हाताळतात. म्हणून ठरलंय ते असं : रामनवमीपर्यंत हिने पाट-स्टूल न घेता, दुसऱ्या माणसाची मदत न घेता लवंगीला लगाम चढवून दाखवायचा. जमलं तर घोडी घरी. नाहीतर उंबरगावला.)

वाचलंस ना? नऊ वर्षांपूर्वी माझ्या हातात जन्मलेली घोडी. रामनवमीला मी तिला घेऊनच जाणार, तू बघच.

तुझ्या पाड्यावर फोन लागत नाही, आणि टेकडीवर चढून करतोस तेव्हा नुसता वारा ऐकू येतो. म्हणून पत्रं चिमणकडे देते. त्याचा सुक्या मासळीचा टेम्पो दर आठवड्याला तुमच्या बाजाराला येतोच.

तुझी,
दक्षा


उधवा,
१७ डिसेंबर २०२४

दक्षा,

तुझ्या पत्राला सुक्या बोंबलाचा इतका वास होता की आमची मांजर ते घेऊन माळ्यावर गेली. खाली आणून वाचलं.

लवंगी ठणठणीत आहे. काळजीचं कारण नाही. पहिल्याच दिवशी मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो, नजरेला नजर दिली. ती समजून चुकली की इथे कुणाचं चालतं. लगाम-बिगाम सगळं व्यवस्थित. जनावराला धाक लागतो गं, बाकी काही नाही.

घरवाली लाडकी थोडी हाताखाली मदत करते. चंदीचं घमेलं, पाणी, शेण काढणं, अशी बारीकसारीक कामं. तिच्या कोपरापर्यंत बांगड्या, त्या वाजल्या की घोडी लांबूनच कान टवकारते. लाडकी विचारते की नाचणीची भाकर दिलेली चालेल का? म्हणजे देऊन झालीय. आवडली.

उमेशरावांना नमस्कार सांग. त्यांची अट मला पटली नाही, पण माणूस तुझ्या काळजीने बोलतोय हे पटलं. तू घाई करू नकोस. दहावीला गणितात शंभर पडावेत म्हणून तू ताप अंगावर काढलास आणि परीक्षेच्या दिवशी चक्कर येऊन पडलीस, ते मी विसरलो नाही.

सुदाम


वरोर,
१४ जानेवारी २०२५

सुदाम,

हे माझ्या डाव्या हाताचं अक्षर. हसू नकोस. उमेश म्हणाला कोंबडी चालून गेल्यासारखं दिसतंय, त्याला आज तिळाचा लाडू दिला नाही.

झोळी सुटली! हात मात्र माझा वाटतच नाही, दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला दिल्यासारखा लोंबतो. डहाणूला फिजिओथेरपीला जाते. तिथली मयूरी माझ्या भाचीच्या वयाची, पण जीभ मास्तरणीची. पहिल्या दिवशी वाकून हात लोंबता सोडून गोल-गोल फिरवायला लावला. मग दारावर कप्पी बसवायला सांगितली, डाव्या हाताने दोर ओढायचा की उजवा वर जातो. उमेशने विहिरीची जुनी कप्पी बसवली. ती इतकी करकरते की शेजारच्या वर्षावहिनी विचारायला आल्या, पाणी कुठे लागलं म्हणून.

आता भिंत. भिंतीवर बोटांनी चढायचं, रोज थोडं वर. मयूरी म्हणाली, काकी, समोर काहीतरी खूण ठेवा, म्हणजे हुरूप येतो. मी म्हटलं खूण कशाला शोधायची? लवंगीच्या कानांमागची उंची पाहिजे मला. तेवढी मोजून पाठव. ती सरळ मान करून उभी असतानाची. रेघ मारते आणि रामनवमीपर्यंत तिथे पोचते.

लगाम चढवताना लवंगी फुरफुरते ना? माझ्या पोटाला तोंड घासायची, तशी तुझ्या घासते का? मला रोज सकाळी ती जागा रिकामी लागते रे. उमेशला सांगत नाही, तुला सांगते.

दक्षा


उधवा,
२५ जानेवारी २०२५

दक्षा,

मोजली. चार हाताला चार बोटं कमी.

कशी मोजली ते सांगतो, म्हणजे तुझी खात्री पटेल. घोडीला ऐनाच्या झाडाला टेकवून उभी केली, कानामागे झाडावर कोयत्याने खूण केली. मग घोडी बाजूला नेली आणि मी कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत हात लावून मोजलं, दोनदा. आमच्याकडे घराचे खांबसुद्धा असेच मोजतात, अजून एकही घर वाकडं नाही.

पोटाला तोंड घासण्याबद्दल विचारलंस. घासते. म्हणजे, घासते असं लाडकी म्हणते.

माळावर गवत चांगलं आहे. लवंगीची पाठ आता चकाकते.

सुदाम


वरोर,
१८ फेब्रुवारी २०२५

सुदाम,

तुझं माप आलं त्याच दिवशी उमेशने भिंतीवर निळ्या खडूने रेघ मारली. माझाच डावा हात भिंतीला लावून चार वेळा मोजलं, वरून चार बोटं कमी केली. रेघ बघून मला बरं वाटलं. मनात म्हटलं, एवढीच? आठवणीत तर लवंगी याहून उंच होती. माणूस आजारी पडला की सगळंच मोठं वाटतं.

पण तीन आठवडे झाले, हात दिव्याच्या बटणांच्या बोर्डाशी येतो आणि थांबतो. त्याच्या वर नाही. रेघ अजून वीतभर लांब. काल मी रागाने ढकलला, तर इतकी कळ आली की जमिनीवर बसले. उमेश धावत आला, शेक द्यायची पिशवी भरून आणली. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

कधी कधी वाटतं उंबरगावच्या माणसांना हो म्हणून टाकावं. तिला रोजचं काम मिळेल, वराती मिळतील. माझ्या हट्टापायी ती बिचारी तुझ्या अंगणात अडकून पडलीय. तू खरं सांग, काय करू?

दक्षा


उधवा,
२६ फेब्रुवारी २०२५

दक्षा,

तुझं पत्र मी अंगणात वाचत होतो. लाडकीने वाचायला म्हणून माझ्या हातातून घेतलं, आणि लवंगीने तिच्या मागून येऊन अर्धं खाल्लं. बटणांच्या बोर्डापर्यंतचं आम्ही वाचलं. त्याच्या पुढे फाटक्या कडेला 'उंबरगाव' एवढंच दिसतंय, बाकी काय लिहिलं होतंस ते आता घोडीलाच माहीत. तिने उत्तरही दिलेलं दिसतंय.

लाडकी म्हणते, बायला, म्हणजे तुला, लिही की भाताची रोपं लावल्यावर पहिले आठ दिवस पिवळीच दिसतात. उपटून बघायची नसतात.

सुदाम


वरोर,
२४ मार्च २०२५

सुदाम! लाडकी! लवंगी!

लागला! हात रेघेला लागला! आज सकाळी, पावणेआठला, चहा व्हायच्या आधी! बोटांची टोकं नाहीत, अख्खा तळवा रेघेच्या वर टेकला. मी ओरडले. उमेश अंगाला साबण लावलेला तसाच पंचा गुंडाळून बाहेर आला. मग मी पुन्हा करून दाखवलं. मग वर्षावहिनींना बोलावून तिसऱ्यांदा. मयूरीला फोन केला, ती म्हणाली, काकी, आता आजच्या दिवस बास करा.

आणि बघ, हे माझ्या उजव्या हाताचं अक्षर आहे. ओळखलंस ना?

रामनवमीला आम्ही दोघं उधव्याला येतो. अट तिथेच, तुझ्या अंगणात, तुझ्या डोळ्यांदेखत पुरी करते. लवंगीला नेण्यासाठी पिकअप सांगून ठेवलाय. उमेश म्हणाला, आधी लगाम, मग पिकअप. मी म्हटलं, पिकअप आधीच सांगितलाय, बोल.

तुला आणि लाडकीला काय आणू? चिमणकडे निरोप दे.

दक्षा


उधवा,
३० मार्च २०२५

दक्षा,

पाडव्याच्या शुभेच्छा. फार आनंद झाला. लाडकीने शेजारीपाजारी गूळ वाटला.

रामनवमीला नक्की या. मला मात्र नेमकं त्या दिवशी तलासरीला जावं लागेल. काम आहे. महत्त्वाचं आहे. टाळता येणार नाही. लाडकी घरी आहेच, तिला घोडीचं सगळं माहीत आहे. म्हणजे माझं बघून बघून माहीत झालं आहे.

आणायचं काही नको. आणलंतच तर बोंबील.

सुदाम


वरोर,
८ एप्रिल २०२५

सुदामराव,

रामनवमीच्या सुट्टीत, रविवारी, तलासरीला कुठलं कचेरीचं काम निघालं तुझं? पस्तीस वर्षांच्या मैत्रीत मी पहिल्यांदा तुझ्या घरी आले, आणि तू घरात नाहीस! आता काय काय घडलं ते मीच तुला सांगते. बस गपचूप आणि वाच.

आम्ही पोचलो तर लाडकी दारात. ती इतकी बुटकी असेल असं मला वाटलंच नव्हतं रे, माझ्या खांद्याला लागते, आणि मी काही ताडमाड नाही. तिने पाणी दिलं, पाटावर बसवलं आणि माझा उजवा हात हातात घेतला. म्हणाली, "बाय, हा हात नागडा का?" मी म्हटलं, लगाम चढवेन त्या दिवशी बांगड्या भरेन असं ठरवलंय. ती म्हणाली, "पहिल्यांदा घरी आलेली बाय आमच्याकडून रित्या हाताने जात नाही. आधी बांगड्या, मग लगाम." डझनभर हिरव्या बांगड्या तिने तयारच ठेवल्या होत्या. भरल्या. हात हलवला की किणकिण. बऱ्याच महिन्यांनी तो आवाज माझ्या हातातून आला, मला मेलीला तिथेच रडू यायला लागलं.

मग अंगणात गेलो. लवंगीने मला बघितलं आणि खिंकाळली. काय सांगू तुला. आली आणि पोटावर तोंड घासलं. उमेश ऐनाच्या झाडाखाली हाताची घडी घालून उभा, जसा परीक्षेचा साहेब. लाडकी मध्ये पडली नाही, ओट्यावर जाऊन बसली.

मी डाव्या बाजूला उभी राहिले. लगाम घेतला. उजवा हात वर नेला. नेला, आणखी नेला, आणि सुदाम, तो पोचला नाही. कान वरतीच. अख्खी एक वीत वर. मला कळेचना. घोडी वाढली की मी आखडले? टाचा उंचावल्या, दात खाल्ले, हात जेवढा म्हणून जातो तेवढा दिला. नाही. दोन महिने मी त्या निळ्या रेघेवर जीव टाकला, आणि रेघच खोटी निघाली. उमेशकडे बघायची हिंमत झाली नाही. मी म्हटलं, "राहू दे." हात तसाच वर, खाली घ्यायचंसुद्धा सुचेना. तो थरथरायला लागला आणि त्या नव्या बांगड्या वाजायला लागल्या, किणकिण किणकिण.

आणि लवंगीने मान खाली घातली.

हळूच. पार माझ्या छातीपर्यंत. कपाळ माझ्या गळ्याशी टेकवलं आणि कान पुढे करून थांबली. घ्या, काय चढवायचं ते चढवा. मी उभीच. रडत होते, आणि नाक पुसायला हात मोकळा नाही. उमेशने तोंड झाडाकडे फिरवलं होतं. तिकडूनच म्हणाला, "लगाम चढवतेस की नुसती रडतेस?"

चढवला! कानांमागून पट्टा, गळपट्टा, सगळं. एकटीने. उमेश लगाम तपासायला आला आणि सवयीने म्हणाला, "पण घोडीने मान खाली घालणं अटीत नव्हतं." तेव्हा तुझी लाडकी ओट्यावरून बोलली, "भाऊ, पाट नको, स्टूल नको, माणसाची मदत नको असं तुम्ही लिहिलं होतं. घोडीची मदत नको असं कुठे लिहिलं होतं? मी पत्र सतरांदा वाचलं हाय." उमेश हसत सुटला. स्वतः तुमच्या टेकडीवर चढला आणि उंबरगावला फोन करून नाही म्हणून आला. आल्यावर म्हणाला, तिथून नुसता वारा ऐकू गेला असेल, पण "नाही" एवढं मी चारदा ओरडलोय.

मग लाडकीने सगळं सांगितलं. सगळं म्हणजे सगळं.

पहिल्या दिवशी तू घोडीच्या नजरेला नजर दिलीस, ती माळ्याच्या शिडीवरून. लवंगीने तुझ्या टोपीचा गोंडा खाल्ला. त्यानंतर चार महिने तू तिच्या जवळ फिरकला नाहीस, आणि खरारा, चंदी, लगाम, झाडावर खूण करणं, सगळं त्या एवढ्याशा बाईने केलं. तिचा हात कानापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. म्हणून ती मुठीत नाचणीची भाकर धरून, बांगड्या वाजवून, कमरेशी हात न्यायची. आठ दिवसांत घोडी शिकली : बांगड्या वाजल्या की मान खाली. "बायचा हात किती वर जाईल ते मला काय माहीत," म्हणाली, "म्हणून बांगड्या भरल्या."

आणि रेघ! उमेशने झाडावरची खूण बघितली, आपला हात लावून मोजली, मग माझा. मग लाडकीला विचारलं, सुदामभाऊंनी कुणाच्या हाताने मोजलं? ती म्हणाली, त्यांच्या. अरे सहा फुटी माणसा! तुझा हात केवढा, माझा केवढा! तुझ्या चार हातांत माझे साडेचारच्या वर बसतात. आणि आम्ही दोघं शहाणे, माझ्या हाताने रेघ मारून मोकळे. गणितात शंभर मिळवणारी मी, मला हे सुचू नये?

पण एक सांगू? खरी रेघ पहिल्याच दिवशी दिसली असती, तर मी फेब्रुवारीतच हरले असते.

लवंगी आता दारात उभी आहे. घाबरट माणसा, तुझ्यावर मी अजिबात रागावलेली नाही. चिमणबरोबर बोंबील पाठवलेत, ते लाडकीचे आहेत. ती देईल तेवढे तू खायचे.

दक्षा


उधवा,
१६ एप्रिल २०२५

दक्षा,

बोंबील मिळाले. मला दोन मिळाले.

आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. घोडीची मला भीती वाटते, लहानपणापासून. पण तू हॉस्पिटलात पडली होतीस, उमेशरावांचा चेहरा एवढासा झाला होता, आणि घोडीला कुठे ठेवायचं ते त्यांना सुचत नव्हतं. तोंडातून निघून गेलं, जनावर मला कळतं म्हणून. मग मागे कसा येऊ? तलासरीला मी दिवसभर एसटी स्टँडवर बसलो होतो. चार चहा झाले. संध्याकाळी पाड्याच्या वळणावर पिकअप समोरून आला, त्यात लवंगी दिसली, आणि मी रस्त्यातच नाचलो. तुम्ही बघितलं नाहीत ते बरं झालं.

सोबत सुतळी पाठवतोय. झाडावरच्या खुणेपासून जमिनीपर्यंत धरून दोन्ही टोकांना गाठी मारल्यात. हात-बोटं काही नाही. आता रेघ मार.

अंगण फार मोकळं वाटतं. लाडकी अजून सकाळी एक भाकर जास्त थापते.

सुदाम


वरोर,
१ जून २०२५

प्रिय लाडकी आणि सुदाम,

नवी रेघ हिरव्या खडूने मारली होती, तुमच्या सुतळीने. निळीच्या वर वीतभर आणि आणखी बोटभर. आज तिला हात टेकला. डॉक्टरांनी कालच सांगितलं होतं की आता काहीही करा, फक्त दोर हाताला गुंडाळू नका. उमेशने त्यांना सांगितलं की हे तर हिच्या बाबांचंच वाक्य, आणि दोघं हसले.

भिंतीवरून तडक तबेल्यात गेले. म्हटलं आज हिला खराखुरा, ताठ मानेवर, लगाम चढवून दाखवते. उमेशला बोलावलं, वर्षावहिनींना बोलावलं, मयूरी रविवारची मुद्दाम डहाणूहून आली होती. डावीकडे उभी राहिले. उजवा हात सरळ वर नेला, कळ नाही, अडखळणं नाही, थेट कानांच्या उंचीला. बांगड्या वाजल्या.

लवंगीने मान खाली घातली.

मी म्हटलं, अगं वर कर. वर केली. पुन्हा हात नेला, पुन्हा खाली. बांगड्या काढून ठेवल्या, तरी नुसता हात दिसला की खाली! सहा महिने घाम गाळून मी हात तिथपर्यंत नेला, आणि आता तिथे कानच नाहीत. मयूरी हसून हसून चंदीच्या पोत्यावर बसली. उमेश म्हणाला, अट पुरी करायला हिला पुन्हा एकदा उधव्याला पाठवावं लागेल.

तेव्हा लाडकी, तूच ये. येत्या रविवारी चिमणच्या टेम्पोतून ये, सुदामलाही आण, त्याला आम्ही कुंपणाबाहेर खुर्ची देऊ. आठ दिवस राहा. घोडीला शिकवलेलं विसरायला लाव, नाही जमलं तरी चालेल. आणि येताना भाकर आण, इथली तिला आवडत नाही.

मी मग काय केलं? हात खाली आणला, आणि लगाम चढवला.

तुमची,
दक्षा